शाबितीचं ओझं

कोपरी, ठाणे
२ ऑगस्ट १९५३

चि. मंदाकिनीस त्र्यंबकतात्याचे आशीर्वाद.

तुझी आई गेल्यावर तुला लिहायचा हा पहिलाच प्रसंग. दीड वर्ष झालं. धाकट्या भावाची बायको गेली आणि मी भेटायला आलो नाही, तो दोष माझा आहे आणि मी तो नाकारत नाही. पण आजचं पत्र त्यासाठी नाही.

आमचा सुधीर परवा डोंबिवलीला गेला होता, तिथून त्याने एक छापील पत्रक आणलं. वाचनालयात तुझं व्याख्यान झालं म्हणे. विषय, 'देव आहे हे कोणी सिद्ध करायचं?' सुधीर हसत होता, मला हसू आलं नाही. आपल्या घराण्याचं नाव पत्रकावर ठळक छापलं आहे आणि त्याखाली हा विषय. तुझे वडील असते तर त्यांनी मान खाली घातली असती.

मंदा, मी कोर्टात एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ शिरस्तेदार म्हणून. शाबितीचं ओझं कोणाच्या डोक्यावर, हे मला शाळामास्तरणीकडून शिकायचं नाही. जो चालत आलेली वहिवाट मोडायला येतो, त्याने शाबीत करायचं. आपल्या परसातल्या देवळात सहा पिढ्या देवीची पूजा चालू आहे. म्हणजे कब्जा आमचा. देव नाही हा दावा तुझा. तर पुरावा तू आण. नाही आणता येत, तर दावा खर्चासकट फेटाळला असं समज आणि असली व्याख्यानं बंद कर.

प्रकृतीस जप. शाळेत डबा नेत जा, तुला पित्ताचा त्रास आहे.

तात्या

•

डोंबिवली
९ ऑगस्ट १९५३

ती. तात्यांना नमस्कार. साष्टांग नाही, नुसताच.

पित्त अजून आहे. तुमच्या पत्राने थोडं वाढलं.

वहिवाटीचा मुद्दा छान काढलात. पण वहिवाट पायवाटेला असते, विहिरीच्या पाण्याला असते. एखादी गोष्ट खरी असण्याला कसली वहिवाट? आपल्या घरात पाच पिढ्या सूर्य पृथ्वीभोवती फिरत होता, सहाव्या पिढीत तुमचा सुधीर शाळेत गेला तेव्हा थांबला. उद्या मी म्हटलं की आमच्या शाळेच्या माळ्यावर वाघ आहे, तर वाघ मी दाखवायचा. हेडमास्तरांनी नाही दाखवायचा. 'आहे' म्हणणाऱ्याने दाखवावं, एवढंच मी त्या व्याख्यानात तासभर सांगत होते.

पण कोर्टाचं नाव तुम्ही काढलंत म्हणून विचारते. आरोपीने आपण चोर नाही हे शाबीत करायचं, असं तुमच्या कोर्टात कधी ऐकलं होतं का?

अठ्ठेचाळीस सालचं नवरात्र. देवीची मोत्यांची नथ सापडेना. दागिने देवघरात असायचे, ते घासून ठेवायचं काम आईकडे होतं, कारण विधवेला पूजा नाही पण घासणं चालतं. ललितापंचमीच्या सकाळी तुम्ही घरची अकरा माणसं देवळात उभी केलीत आणि भिवा गुरवाला कौल लावायला सांगितलंत. पाण्यात बुडवलेल्या जास्वंदीच्या दोन पाकळ्या, एक देवीच्या उजव्या अंगाला चिकटवलेली, एक डाव्या. 'गोदाने नथ घेतली नसेल तर उजवी दे, घेतली असेल तर डावी दे.' डावी पडली. तुम्ही घड्याळ पाहिलंत, कोट चढवलात आणि कोर्टात गेलात. संध्याकाळी देवघराची किल्ली आईच्या कमरेची काढून घेतलीत. नथ आजतागायत सापडलेली नाही.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. सगळ्यात मागे उभी होते.

मला एक कागद हवा आहे. 'गोदावरीवरचा आळ पुराव्यावाचून घेतला होता, ती निर्दोष होती.' खाली तुमची सही. नवरात्रात सगळी जमतील तेव्हा तो देवळात उभं राहून तुम्ही वाचायचा. मग मी व्याख्यानं बंद करते, देवावर एक शब्द बोलत नाही. सौदा तुमच्या फायद्याचा आहे.

मंदाकिनी

•

कोपरी
२० ऑगस्ट १९५३

चि. मंदाकिनीस आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पोर शिकली की जीभ आधी शिकते, असं माझे वडील म्हणायचे. असो.

आळ मी घेतला नव्हता. मी फक्त विचारलं, उत्तर देवीने दिलं. तो कागद लिहिणं म्हणजे देवी खोटं बोलली असं लिहून देणं. ते माझ्या हातून होणार नाही, माझी मान कापलीस तरी नाही. तुझ्या आईला मी घालवलंही नाही. जा असं या तोंडाने म्हटलेलं नाही. किल्ली घेतली, कारण कौल लागल्यावर किल्ली तिच्याकडे ठेवणं देवीला धरून झालं नसतं. दोन महिन्यांनी ती आपणहून तुला घेऊन डोंबिवलीला गेली. त्या खोलीचं भाडं मी देऊ केलं होतं, तिने घेतलं नाही, हेही लिहायचं होतंस.

कौल खोटा असतो असं तुझं म्हणणं असेल तर शाबीत कर. कर म्हणजे कर. नुसत्या वाघाच्या गोष्टी नकोत.

तात्या

•

डोंबिवली
६ सप्टेंबर १९५३

प्रिय नीला,

कल्याणला तुझ्याकडे यायचं होतं, पण आज मी तुझ्यावरून पुढे खडवलीला गेले. आमचा जुना भिवा गुरव तिथे लेकीकडे असतो. डोळ्यांना कमी दिसतं, पण आवाजावरून ओळखलं मला. म्हणाला, "गोदाबाईंची पोर ना तू? ये, बस."

मी विचारलं, भिवाकाका, त्या दिवशी काय झालं? तो तंबाखू मळायला बसला. मग म्हणाला, "बाय, कौल आमी नेहमी दिवेलागणीला लावायचो. माझा बा पन तसंच करायचा. सकाळी नाय लावायचा. आश्विनात सकाळी आठ-साडेआठला छपराच्या झरोक्यातून कवडसा येतो तो देवीच्या डाव्या खांद्यावर. ती पाकळी सुकते. सुकली का सुटते. उजवी वल्लीच राहते." मग त्या दिवशी सकाळी का लावलात? "तात्यांना कोर्टाची घाई. मी म्हनलं सांजचं लावू. ते म्हनले, भिवा, देवीला सकाळ-संध्याकाळ असते का?" आणि पडल्यावर का नाही बोललात? "तात्यांसमोर? अकरा मान्सं उभी. आनि खरं सांगू, मला वाटलं, देवीच्या मनात नसतं तर तिनं ऊन आडवलं असतं."

त्याच्या जागी आता पुतण्या दौलत पूजा करतो. त्याला हे सांगितलंय का विचारलं, तर म्हणाला, "तेवढं राहिलंच."

नीला, म्हणजे पुरावा माझ्या हातात आहे. तात्या म्हणाले शाबीत कर, तर उद्या त्यांना पत्र टाकून शाबीत करता येईल. सरळ रस्ता तोच आहे, तू हेच म्हणशील. पण मग काय होईल? तात्या 'अरेरे' म्हणतील. फार झालं तर डोळ्यांत पाणी येईल. मग दुपारी जेवून वामकुक्षी घेतील. आईने ज्यात साडेतीन वर्षं काढली ते त्यांना 'अरेरे'वर सुटणार. मला तेवढं पुरत नाही.

नथ तात्यांनी घेतली असं मला एक क्षणही वाटत नाही. हा माणूस देवीच्या पानातली सुपारीसुद्धा विचारून उचलेल. तरीही मी त्यांच्यावर आळ घेणार आहे. उघड्या कार्डावर. आणि ललितापंचमीच्या सकाळी त्यांना देवीसमोर उभं करणार आहे. आभाळ आलं त्या दिवशी तर माझं नशीब.

तुझी
मंदा

•

कल्याण
१० सप्टेंबर १९५३

मंदा,

वाघाचं व्याख्यान मी पहिल्या रांगेत बसून ऐकलं होतं. म्हणणाऱ्याने दाखवावं, हे तुझंच ना? मग तात्यांनी चोरी केली असं म्हणणारी तू दाखवणार काय? आपल्याला ठाऊक असलेलं खोटं लिहायचं आणि त्याला उजेड म्हणायचं, हे मला जमलेलं नाही. भिवाचं म्हणणं त्यांना कळव, कागद घे आणि मोकळी हो. आईंनाही तेच आवडलं असतं, तू कितीही मान हलवलीस तरी.

रागावू नकोस. रागावलीस तरी गुरुवारी ये, थालीपीठ करते आहे.

नीला

•

(पोस्टकार्ड)
डोंबिवली
१४ सप्टेंबर १९५३

ती. तात्यांना नमस्कार.

देवीची नथ अठ्ठेचाळीस साली आपण घेतलीत असं माझं म्हणणं आहे. देवघराची दुसरी किल्ली आपल्याकडे होती. बाकी काही सांगायची मला गरज वाटत नाही. कार्ड मुद्दाम घातलं आहे. कोपरीत कार्ड घरी पोचायच्या आत आळी वाचते, हे मला माहीत आहे.

मंदाकिनी

•

कोपरी
१८ सप्टेंबर १९५३

मंदाकिनी,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही.

पोस्टमनने कार्ड माझ्या हातात दिलं तेव्हा तो माझ्याकडे बघत नव्हता. समोरच्या आवडाबाई तीस वर्षं रोज सकाळी 'तात्या, फुलं नेऊ का' असं विचारून आमच्या कुंपणातली फुलं नेतात. काल त्या विचारल्यावाचून घेऊन गेल्या. सून माझ्यासमोर बोलताना थांबते. एका कार्डाने हे केलंस.

तुझ्याकडे पुरावा काय? किल्ली होती म्हणजे चोरी केली? मग घरात ज्याच्या हाताला बोटं आहेत तो प्रत्येक जण चोर. कोणी पाहिलं? कुठे विकली? काय दराने? काही नाही. कोणीही उठावं आणि अब्रूदार माणसावर काहीही फेकावं आणि त्याने आयुष्यभर पुसत बसावं, असा न्याय जगात कुठे नाही. आळ घेणाऱ्याने शाबीत करायचं असतं. ते जमत नसेल तर कार्ड मागे घे, तेही कार्डावरच.

त्र्यंबक

•

डोंबिवली
२२ सप्टेंबर १९५३

तात्या,

तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. 'आळ घेणाऱ्याने शाबीत करायचं असतं.' पाच वर्षांपूर्वी हे देवळात कोणीतरी म्हणायला हवं होतं. तुम्हाला येत होतं की हे वाक्य. कोर्टात रोज ऐकत होतात. त्या सकाळी घरी विसरलात.

पुरावा माझ्याकडे नाही. आईच्या वेळी तुमच्याकडेही नव्हता, आणि तुमचं काही अडलं नाही. म्हणून मीही तुमच्याच कोर्टात येते. ललितापंचमी मंगळवारी, तेरा ऑक्टोबरला आहे. सकाळी साडेआठ, आईची होती तीच वेळ. घरची सगळी माणसं, आणि आवडाबाईंनाही बोलवा. दौलतला सांगा, दोन पाकळ्या लाव. तुम्ही नथ घेतली नसेल तर उजवी, घेतली असेल तर डावी. उजवी पडली तर मी पंचपात्र घेऊन देवळाची पायरी धुवीन आणि आळीभर सांगत फिरेन की मी खोटारडी आहे.

नको म्हणालात तरी चालेल. पण मग तसं लिहा, की कौलावर तुमचा भरवसा नाही. तोही कागद मला चालेल.

मंदाकिनी

•

कोपरी
२७ सप्टेंबर १९५३

मंदाकिनी,

लावतो. साडेआठ म्हणतेस, साडेआठ. सगळ्यांना बोलावलं आहे. मला देवीचं भय वाटायचं कारण नाही, मी तिच्या अंगावरचा धागा उचललेला नाही. त्या दिवशी तू समोर असायला हवीस. पायरी धुवायला येताना नेसती साडी चांगली नको.

त्र्यंबक

•

कोपरी
१६ नोव्हेंबर १९५३

चि. मंदास आशीर्वाद.

महिना उलटून गेला. तू त्या दिवशी डावी पडलेली पाहिलीस आणि कोणाशी न बोलता निघून गेलीस. मला वाटलं होतं तू काहीतरी बोलशील. दौलत रडत होता, पुन्हा लावू म्हणत होता. मी नको म्हटलं. देवीला एकच गोष्ट दोनदा विचारायची नसते.

देवघराची किल्ली मी त्याच दिवशी आपणहून सुनेकडे दिली. कोणी मागितली नव्हती, पण कोणी नकोही म्हणालं नाही. सुधीर म्हणतो, तात्या, सोडून द्या, हल्ली कोण मानतं. तो मला धीर द्यायला बोलतो, पण जेवताना माझ्याकडे बघतो ते वेगळं असतं. तेही मला दिसतं.

मंदा, एकतीस वर्षं कैफियती वाचलेला माणूस मी. मी नथ घेतलेली नाही. देवी खोटं बोलत नाही. आणि कौल डावा पडला. ही तिन्ही एका कागदावर बसत नाहीत. कसंही मांडलं तरी एक खोडावं लागतं. पंधरा दिवस मी पहिलं खोडून पाहिलं. हसू नकोस. घरातली कपाटं उपसली, जुन्या कोटांचे खिसे पाहिले, माळ्यावरची कोर्टाची दप्तरं सोडली. म्हटलं, माझ्याच हातून कधी कुठे ठेवली गेली असेल आणि मला आठवत नसेल. सून आता मला कपाटाला हात लावू देत नाही.

तेव्हा राहिलं दुसरं. ते खोडायला माझा हात धजत नाही. जन्मात नाही धजला. म्हणून तुला लिहितो. तू शाबीत कर. ऑगस्टात तुला आव्हान दिलं होतं, आता तसं म्हणत नाही, पदर पसरून मागतो. देवी नाही, किंवा कौल काही नाही, निव्वळ फूल असतं, हे मला पटेल असं समजावून दे. तू तासभर बोलतेस, लोक ऐकतात. मी येऊन बसतो. तू पटवलंस तर मीही सुटतो आणि गोदाही सुटते. तुला हवा तो कागद त्याच दिवशी लिहितो, देवळात उभा राहून वाचतो, आळीला ऐकवतो. पण आधी मला पटलं पाहिजे. न पटता लिहिला तर तो कागद खोटा होईल, आणि गोदासाठी खोटा कागद नको.

वाट पाहतो. लवकर लिही.

तात्या

•

डोंबिवली
२९ नोव्हेंबर १९५३

ती. तात्यांना नमस्कार.

पत्र मिळून दहा दिवस झाले. लगेच उत्तर लिहिलं नाही, कारण ते पिशवीत घेऊन हिंडावंसं वाटत होतं.

कपाटं उपसलीत असं लिहिलंत, म्हणून तुम्हाला सांगते. इथे आमची एक खोली आहे, दहा बाय बारा. आईची एक ट्रंक. शाळेतून मी घरी यायचे तेव्हा ट्रंकेतलं सगळं जमिनीवर मांडलेलं असायचं. लुगडी उलगडलेली, बाबांचे चष्मे, माझी बाळंतविड्याची टोपरी, सगळं. ती प्रत्येक लुगड्याचा काठ बोटांनी दाबत जायची, आत काही शिवलेलं लागतं का बघत. मी म्हणायचे, आई, तू घेतली नाहीस. ती म्हणायची, "मी घेतली नाही गं. पण देवी खोटं कशाला बोलेल? माझ्याच हातून कधीतरी झालं असेल." साडेतीन वर्षं, तात्या. तुमचा दीड महिना झाला आहे. शेवटच्या आठवड्यात तिला उठवत नव्हतं, तर मला सांगायची, तू बघ, तळाला बघ. मी तळाला बघायचे आणि नाही म्हणायचे. तिला वाटायचं मी लपवते आहे. जाताना तिने माझ्यावर विश्वास ठेवला नाही, देवीवर ठेवला.

तिनेही मला विचारलं होतं. देवी नाही असं सांग, मंदा, मला पटव. तेव्हा माझ्याकडे तिला पटेल असं काही नव्हतं. पुस्तकातलं होतं, ते तिच्या कामाचं नव्हतं.

आता आहे. डावी पाकळी का पडते ते मला ठाऊक आहे. आईच्या वेळी का पडली आणि तुमच्या वेळी का पडणार, हे मला आधीपासून ठाऊक होतं. त्याला तासभर व्याख्यान लागत नाही, दोन ओळी पुरतात. तुमच्यासारख्या माणसाला पटेल, तुम्ही स्वतः उभं राहून पाहू शकाल अशी गोष्ट आहे. ज्याने मला सांगितली तो माणूस दिवाळीत वारला. माझी एक मैत्रीण सोडली तर ती आता कोणाला माहीत नाही, आणि मैत्रीण माझ्याशी बोलत नाही.

त्या दोन ओळी मी लिहून पाहिल्या. चांगल्या जमल्या होत्या. मग फाडल्या.

असं केल्यावर वाईट वाटतं म्हणतात. मी दहा दिवस वाट पाहिली. नाही वाटलं, खोटं कशाला सांगू.

कागद नको. ऑगस्टात हवा होता, तेव्हा तुम्ही मान कापली तरी देणार नव्हतात. आता देताय तो तुमची मान सोडवायला. आईचं नाव त्यात जाता जाता सुटणार. तसं सुटलेलं नाव मला नको, तिला अजून काही वर्षं तुमच्या घरात चोर राहू दे. तुमच्याबरोबर राहील.

आणि ओझ्याचं म्हणाल, तर ते माझ्यावर नाही. देवी आहे असं तुम्ही म्हणता. नथ घेतली नाही असंही तुम्हीच म्हणता. दोन्ही तुम्हीच शाबीत करा.

या पत्राला उत्तर पाठवू नका. आलं तरी मी उघडणार नाही.

मंदाकिनी